ओल्ड कोर्स, सेंट अँड्र्यूज

स्कॉटलंडच्या फाइफ परगण्यातील समुद्रकाठचे गोल्फ मैदान. येथे गोल्फ पंधराव्या शतकापासून खेळला जातो, आणि ‘द ओपन’ ही व्यावसायिकांची सर्वांत जुनी अजिंक्यपद स्पर्धा २०२२ साली येथे तिसाव्यांदा झाली. त्या वेळी मैदानाची लांबी ७,३१३ यार्ड (सु. ६,६८७ मी.) व पार (अपेक्षित फटक्यांची संख्या) ७२ होता. गोल्फमध्ये ‘नजर फसवणारे मैदान’ म्हणजे काय, हे समजून घ्यायला याच्याइतके चांगले उदाहरण नाही.

पहिल्यांदा पाहणाऱ्याला हे मैदान सोपे वाटते. खेळाच्या वाटेत झाड नाही, तळे नाही. पहिल्या व अठराव्या होलचा (होल : पहिल्या फटक्यापासून भोकापर्यंतचा एक टप्पा) फेअरवे (मधली कापलेल्या गवताची वाट) मिळून एकच सपाट, ऐसपैस पट्टा आहे. मात्र या मोकळ्या माळरानात ११२ बंकर (वाळूचे खड्डे) आहेत, आणि त्यांतले कित्येक टीवरून (होलचा पहिला फटका मारण्याच्या जागेवरून) दिसतच नाहीत.

बंकर का दिसत नाहीत

हे मैदान कुणी कागदावर आखले नाही. पूर्वी खेळाडू त्याच होलमधून समुद्राकडे जात आणि त्याच होलमधून गावाकडे परतत. १७६४ मध्ये होलांची संख्या २२ वरून १८ वर आली. हाच आकडा पुढे जगभर रूढ झाला. गर्दी वाढली तशी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फेअरवे रुंद केले गेले आणि एकाच ग्रीनवर (भोकाभोवतीच्या आखूड गवताच्या जागेवर) जाणाऱ्यांसाठी एक व परतणाऱ्यांसाठी एक अशी दोन भोके पाडली गेली. म्हणून आजही येथे सात जोडग्रीन आहेत आणि प्रत्येक जोडीतील होलांच्या क्रमांकांची बेरीज १८ येते : २ व १६, ३ व १५, ४ व १४, ५ व १३, ६ व १२, ७ व ११, ८ व १०. स्वतंत्र ग्रीन फक्त १, ९, १७ व १८ या होलांना आहे.

मैदान तेव्हा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने खेळले जाई. ओल्ड टॉम मॉरिस यांनी १८७० च्या सुमारास पहिल्या होलसाठी वेगळे ग्रीन तयार केल्यावर उलट दिशेचा खेळ सोयीचा झाला व पुढे तोच कायम राहिला. बंकर मात्र जिथल्या तिथे राहिले. बाराव्या होलवर हे लख्ख कळते. टीवर उभे राहिले की समोर हलक्या उंचवट्यांचा निर्धोक फेअरवे दिसतो. चालत पुढे जाऊन मागे वळून पाहावे, तर फेअरवेच्या ऐन मध्यावर एकामागून एक बंकर तोंड वासून आहेत. त्यांची तोंडे ग्रीनच्या बाजूला, टीकडे नुसती गवताळ पाठ. उलट दिशेने येणाऱ्याला ते उघड दिसत असत. आजच्या खेळाडूला त्यांची पाठच तेवढी दिसते.

अंतराचा भास

मागे झाडांची भिंत नसली की झेंडा किती लांब आहे याचा अंदाज डोळ्याला बांधता येत नाही. त्यात समोरचा उंचवटा मधली खोलगट जमीन झाकून टाकतो, त्यामुळे उंचवट्याची कड व ग्रीन एकमेकांना चिकटल्यासारखे दिसतात आणि फटका तोकडा पडतो. फेअरवे व ग्रीन दोन्हींचे गवत आखूड, रंगही जवळपास सारखा; ग्रीन कुठे सुरू होते ते लांबून उमगत नाही. पाचव्या व तेराव्या होलचे जोडग्रीन तर सु. १०० यार्ड रुंद आहे. त्यावर चेंडू पोहोचला म्हणजे काम झाले असे नव्हे. चुकीच्या टोकाला थांबला तर पुढे फेअरवेवरच्या फटक्याइतका लांब पट (चेंडू भोकाकडे घरंगळवण्याचा फटका) उरतो. चुकीच्या झेंड्याकडे फटका जाऊ नये म्हणून रोजच्या खेळात साधारणपणे जातानाच्या होलना पांढरे व परतीच्या होलना तांबडे झेंडे असतात.

पहिल्या होलवर ग्रीनला अगदी खेटून स्विल्कन हा ओहोळ वाहतो. लांबून पाहताना तो गवताच्या रेषेत हरवतो. झेंडा पुढच्या बाजूला रोवलेला असेल तेव्हा झेंड्यापाशीच चेंडू टाकण्याचा मोह झाला, की चेंडू पाण्यात.

बंकरची रचना

येथील बंकर लहान, खोल व उभ्या भिंतीचे असतात. भिंत मातीसकट कापलेल्या गवताच्या पट्ट्या विटांसारख्या एकावर एक रचून उभारतात. ऊन-वाऱ्याने ती झिजते, म्हणून ठरावीक काळाने पुन्हा बांधावी लागते. खड्डा दिसतो त्याहून खेळात मोठा ठरतो, कारण भोवतालची जमीन त्याच्याकडे उतरती असते आणि शेजारून घरंगळणारा चेंडूही आत ओढला जातो.

चेंडू भिंतीलगत थांबला तर पुढे मारण्याचा हट्ट महागात पडतो. शहाणा खेळाडू आडवा किंवा चक्क मागे मारून एका फटक्यात बाहेर येतो. तेही शक्य नसेल तर चेंडू ‘न खेळण्याजोगा’ ठरवून एका दंडाच्या फटक्यावर बंकरमध्येच, किंवा २०१९ च्या नियमांपासून दोन दंडाच्या फटक्यांवर बंकरबाहेर मागच्या रेषेत ठेवता येतो. चौदाव्या होलवरच्या जवळपास १० फूट खोल ‘हेल’ बंकरमधून बाहेर पडायला १९९५ मध्ये जॅक निकलॉस यांना चार फटके लागले व त्या होलवर त्यांचे १० झाले. तीन वर्षांचे ओपन विजेते, त्यातले दोन विजय याच मैदानावरचे, तरीही ही गत. बॉबी जोन्स १९२१ मध्ये अकराव्या होलच्या ‘हिल’ बंकरमध्ये अडकून फेरी अर्धवट सोडून गेले. १९२७ मध्ये येथेच ते ओपन जिंकले. टायगर वुड्स यांनी २००० मध्ये चारही फेऱ्यांत एकाही बंकरमध्ये चेंडू जाऊ दिला नाही आणि आठ फटक्यांनी बाजी मारली. त्या विजयात ताकदीइतकाच नकाशाच्या अभ्यासाचा वाटा आहे.

सतरावे होल : ‘रोड होल’

सु. ४९५ यार्ड, पार ४. टीसमोर जुन्या रेल्वे शेडांच्या धर्तीची इमारत आडवी येते आणि फेअरवे तिच्यामागे दडतो. शेडच्या भिंतीवर हॉटेलचे नाव रंगवले आहे. वारा पाहून त्यातले एखादे अक्षर नेमायचे आणि त्यावरून चेंडू उडवायचा, अशी येथली रीत. उजवीकडे फार गेला तर हद्दीबाहेर. घाबरून डावीकडे मारला तर ग्रीनकडे जाण्याचा कोन बिघडतो.

ग्रीन अरुंद व तिरके आहे. पुढे डाव्या अंगाला ‘रोड’ बंकर, मागे डांबरी रस्ता आणि त्यापलीकडे दगडी भिंत. रस्ता मैदानाचाच भाग मानला जातो. तेथे चेंडू गेला तर फुकट सवलत नाही, डांबरावरूनच खेळायचा. १९७८ मध्ये टॉमी नाकाजिमा दोन फटक्यांत ग्रीनवर पोहोचले होते. पट झेंड्याकडे मारला, पण ग्रीनच्या उताराने तो वळवून बंकरमध्ये नेला. चार फटक्यांनी सुटका झाली आणि होलचे ९ झाले. २०२२ मध्ये कॅमेरॉन स्मिथ यांनी तोच बंकर मध्ये असताना पटरने (पटसाठीच्या काठीने) चेंडू कडेकडेने वळवत नेला, पार राखला आणि एका फटक्याने स्पर्धा जिंकली.

तयारी

सरावाच्या दिवसांत अनेक कॅडी (खेळाडूंचे साहाय्यक) मैदान उलटे, ग्रीनकडून टीकडे चालतात. असे चालले की लपलेले बंकर उघडे पडतात. अंतरे टिपण्याच्या वहीत दोन आकडे हवेतच : बंकरच्या अलीकडच्या कडेपर्यंतचे अंतर, आणि तो ओलांडायला लागणारा हवेतला पल्ला. ओपनमध्ये अंतर मोजण्याचे यंत्र चालत नाही, म्हणून ही वहीच आधार. रोख धरायला जमिनीवरची खूण निरुपयोगी, कारण जमीनच फसवते. गावातले चर्चचे मनोरे, गोर्सचे काटेरी झुडूप, अठराव्यावर क्लबहाउसचे घड्याळ अशा स्थिर खुणा वापरतात.

मैदानाचा एक जुना अचूक नकाशा ॲलिस्टर मॅकेन्झी यांनी १९२४ मध्ये पूर्ण केला. बोअर युद्धात शल्यचिकित्सक असताना त्यांनी बोअर सैनिकांचे खंदक जमिनीशी कसे एकरूप होतात ते पाहिले होते आणि पुढे गोल्फची मैदाने आखताना ती दृष्टी वापरली. ऑगस्टा नॅशनल हे त्यांनी जोन्स यांच्यासह आखलेले मैदान.

जमीन वाळूची व टणक असल्याने उंच फटका ग्रीनवर थांबेलच असे नाही. वारा पाठीवर असताना चेंडू ग्रीनच्या बराच अलीकडे टेकवून घरंगळू द्यावा लागतो. ग्रीनबाहेरून पुष्कळदा वेजपेक्षा (चेंडू उंच उडवणाऱ्या काठीपेक्षा) पटर सुरक्षित. अठराव्या ग्रीनच्या पुढच्या ‘व्हॅली ऑफ सिन’ या खळग्यातूनही पटरच कामाचा. १९९५ मध्ये कोस्टँटिनो रोक्का यांची चिप (ग्रीनजवळून मारलेला छोटा उडता फटका) फसून चेंडू त्यात आला, आणि तेथून त्यांनी सु. ६५ फुटांचा पट थेट भोकात घालून जॉन डेली यांच्याशी बरोबरी साधली. जादा होलांत मात्र डेली जिंकले.

वारा उठला की वहीतले सगळे आकडे नव्याने मांडावे लागतात. २०१० च्या ओपनमध्ये रॉरी मॅकिलरॉय यांनी पहिल्या दिवशी ६३ फटक्यांत फेरी पुरी केली. दुसऱ्या दिवशी वाऱ्यात त्याच मैदानावर त्यांना ८० लागले.