पेशींचं पोट कधी भरतं?

सर्दी झाली की नाक वाहतं, घसा खवखवतो, डोकं जड होतं. हा सगळा त्रास विषाणू देतो असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात नेहमीच्या सर्दीचा ऱ्हायनोव्हायरस नाकाच्या अस्तराची फारशी नासधूस करत नाही. सूज, शिंका, नाकातलं पाणी, अंगातली कणकण हे बहुतांशी आपल्याच प्रतिकारयंत्रणेचे उद्योग असतात. तिने सोडलेल्या रसायनांमुळे रक्तवाहिन्या सैलावतात आणि ग्रंथी पाझरू लागतात. ही यंत्रणा एखाद्या गोळीने सरसकट वाढवता आली असती, तर सर्दी कमी नव्हे, जास्तच जाणवली असती. दमा किंवा ॲलर्जी असलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. त्यांची यंत्रणा मुळातच गरजेपेक्षा जास्त उत्साही असते.

तरीही ऋतू पालटू लागला की प्रतिकारशक्ती वाढवण्याच्या नावाने चघळायच्या, गिळायच्या आणि पाण्यात फसफसणाऱ्या गोळ्यांना उधाण येतं. यात सगळंच थोतांड आहे असं म्हणणंही चूक ठरेल. अन्नातले घटक आणि प्रतिकारशक्ती यांचं नातं खरं आहे, कधीकधी तर ते जीवनमरणाचं असतं. फक्त ते कमतरतेच्या बाजूला घट्ट आहे आणि मुबलकतेच्या बाजूला फार सैल.

झिंकचंच बघा. बिहारमध्ये जन्मलेले डॉक्टर आनंद प्रसाद १९५८ मध्ये इराणमधल्या शिराझला काम करत होते. तिथे त्यांच्याकडे २१ वर्षांचा एक तरुण आला. दिसायला तो जेमतेम दहा वर्षांचा वाटत होता. वयात आल्याची एकही खूण नव्हती, यकृत आणि प्लीहा वाढलेली, अंगात रक्त कमी. आहारात जवळजवळ फक्त गव्हाची रोटी, आणि सोबत माती खाण्याची सवय. असे आणखी रुग्ण सापडत गेले. ते पंचविशीपलीकडे क्वचितच जगत आणि मृत्यूचं कारण बहुधा कुठलातरी संसर्ग असे. धान्याच्या कोंड्यातलं फायटेट आतड्यात झिंकला धरून ठेवतं आणि ते शरीरात शोषलं जात नाही, हा धागा प्रसादांनी पकडला. माणसाला झिंकची कमतरता होऊ शकते हेच तेव्हा अनेकांना पटत नव्हतं. पुढे त्यांनी स्वयंसेवकांच्या आहारातलं झिंक मुद्दाम थोडंसं कमी करून पाहिलं. टी पेशींना (संसर्गाशी लढणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींना) तयार करणाऱ्या थायमस ग्रंथीचं थायम्युलिन हे संप्रेरक झिंकशिवाय निष्क्रिय असतं, आणि एवढ्या सौम्य कमतरतेतही त्याचं काम मंदावलेलं दिसलं. झिंक पुन्हा सुरू केल्यावर ते पूर्ववत झालं. लहान मुलांच्या जुलाबावर १० ते १४ दिवस झिंक द्यावं, ही जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांची २००४ ची शिफारस याच वाटेने आली.

मला स्वतःला याहून विलक्षण वाटते ती सेलेनियम या खनिजाची गोष्ट. चीनच्या हेलुंगजियांग प्रांतातल्या केशान भागात १९३५ मध्ये हृदयाच्या स्नायूंचा एक गंभीर विकार नोंदवला गेला. तो मुख्यतः मुलांना आणि तरुण स्त्रियांना होई. तिथल्या मातीत सेलेनियम अत्यल्प, म्हणून धान्यातही नाही. सेलेनियमच्या गोळ्या दिल्यावर विकार झपाट्याने कमी झाला. पण एक कोडं उरलं. माती वर्षभर तीच असताना रोग मात्र ऋतूप्रमाणे आणि वर्षागणिक कमीजास्त का होई? म्हणजे कमतरतेच्या जोडीला आणखी कुणीतरी होतं. संशय कॉक्सॅकी नावाच्या विषाणूवर गेला.

अमेरिकन संशोधक मेलिंडा बेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विषाणूचा हृदयाला इजा न करणारा प्रकार सेलेनियम न मिळालेल्या उंदरांना टोचला. उंदरांची हृदयं बिघडली, इथवर ठीक. मग त्यांच्या शरीरातून तोच विषाणू काढून पोटभर पोषण मिळालेल्या उंदरांना दिला, तर त्यांचीही हृदयं बिघडली. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षाचा अर्थ असा, की कुपोषित शरीरात वाढताना विषाणूच्या जनुकांत बदल झाले होते आणि निरुपद्रवी असलेला तो घातक बनला होता. एकाच्या ताटातली उणीव अशी दुसऱ्याच्या अंगावर येऊ शकते.

व्हिटॅमिन एचा पुरावाही असाच ठसठशीत आहे. इंडोनेशियातल्या आचे भागात आल्फ्रेड सॉमर यांच्या चमूने शेकडो गावांतल्या मुलांना त्याचे मोठे डोस दिले. १९८६ मध्ये जाहीर झालेल्या निकालांत त्या गावांतले बालमृत्यू सुमारे ३४ टक्क्यांनी कमी होते. श्वासनलिका आणि आतड्यांचं अस्तर धड ठेवायला हे जीवनसत्त्व लागतं. गोवर झालेल्या मुलांना ते आजही औषधासारखं देतात. पण याच जीवनसत्त्वाचा अतिरेक यकृताला आणि गरोदरपणात गर्भाला घातक असतो.

आता सगळ्यात लाडकं व्हिटॅमिन सी. त्याला ही कीर्ती मिळाली ती लायनस पॉलिंग यांच्यामुळे. रसायनशास्त्राचं १९५४ चं आणि शांततेचं १९६२ चं अशी दोन नोबेल पारितोषिकं मिळवलेला हा माणूस १९७० मध्ये सांगू लागला, की रोज ग्रॅमच्या मापात व्हिटॅमिन सी घेतल्याने सर्दी टळते. एवढ्या मोठ्या माणसाला खोडून कोण काढणार? संशोधकांनी वाद घालत बसण्यापेक्षा चाचण्या केल्या, त्याही भरपूर. उपचारांचे पुरावे पडताळणाऱ्या कॉक्रेन समूहाने २०१३ मध्ये ११ हजारांहून अधिक लोकांवरच्या अशा चाचण्या एकत्र तपासल्या. रोज गोळी घेणाऱ्या सर्वसामान्य लोकांना सर्दी तेवढ्याच वेळा झाली. मोठ्या माणसांत ती साधारण ८ टक्के लवकर ओसरली, म्हणजे आठवडाभराच्या सर्दीत अर्ध्या दिवसाची सूट. सर्दी सुरू झाल्यावर गोळ्या घेणाऱ्यांना खात्रीलायक फायदा दिसला नाही, आणि बहुतेक लोक नेमकं तेच करतात. अपवाद होता मॅरेथॉन धावणारे, बर्फावर स्कीइंग करणारे आणि कडाक्याच्या थंडीत कवायती करणारे सैनिक अशा सुमारे ६०० जणांचा. त्यांच्यात सर्दीचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. शरीर पिळवटून निघत असताना गरजच वाढते, असा याचा अर्थ लावता येतो.

बाकीच्यांना का उपयोग होत नाही, याचं उत्तर १९९६ च्या एका छोट्या पण नेटक्या अभ्यासात आहे. सात निरोगी तरुणांना काही महिने रुग्णालयात ठेवून त्यांच्या आहारातलं व्हिटॅमिन सी पायरीपायरीने वाढवलं गेलं. रोज १०० मिलिग्रॅमलाच पांढऱ्या पेशी काठोकाठ भरल्या. या पेशी रक्तातलं व्हिटॅमिन सी स्वतःत ओढून घेतात, पण एका मर्यादेपर्यंतच. पुढे डोस वाढवत नेला तसं शोषण घटत गेलं आणि जास्तीचं लघवीवाटे निघून गेलं. एक हजार मिलिग्रॅमची गोळी म्हणजे भरलेल्या टाकीत सोडलेला नळ. ज्यांना मूतखड्याचा त्रास आहे त्यांच्यासाठी तो निव्वळ वायाही जात नाही, कारण यातल्या काही भागाचं मूतखड्याला हातभार लावणारं ऑक्झलेट होतं.

व्हिटॅमिन डीची कथा जास्त गुंतागुंतीची आहे. हिवाळ्यात ऊन कमी, त्वचेत तयार होणारं डी कमी आणि त्याच काळात फ्लू जास्त. हा मेळ मोहात पाडणारा आहे. यामागची यंत्रणाही २००६ मध्ये सापडली. जंतूची चाहूल लागलेल्या पेशी डीच्या मदतीने कॅथेलिसिडिन नावाचं जंतुनाशक प्रथिन तयार करतात. २०१७ मध्ये २५ चाचण्यांमधल्या सुमारे ११ हजार लोकांची माहिती एकत्र केली, तेव्हा श्वसनसंसर्ग थोडे कमी झालेले दिसले. मोठा फायदा होता तो रक्तातली पातळी फारच खाली असलेल्यांना, आणि तोही रोज किंवा दर आठवड्याला छोटा डोस घेतल्यावर. अधूनमधून एकदम घेतलेल्या प्रचंड डोसने काही साधलं नाही. मग कोविडच्या काळात नॉर्वेत ३४ हजारांहून अधिक लोकांवर कॉड माशाच्या यकृताच्या, डी असलेल्या तेलाची चाचणी झाली आणि हाती काहीच लागलं नाही. २०२५ मध्ये नव्या चाचण्यांची भर घालून पुन्हा हिशेब केला, तर सुरुवातीचा तो माफक फायदाही संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही. हाडांसाठी डी हवंच, त्याबद्दल शंका नाही. सर्दीखोकल्याची ढाल म्हणून मात्र मी ते कुणाला सुचवणार नाही. मोठ्या माणसांसाठी दिवसाला ४,००० युनिट ही वरची मर्यादा मानतात. ती बराच काळ ओलांडली तर रक्तात कॅल्शियम साठून मूत्रपिंडांवर ताण येऊ शकतो.

झिंकच्या चघळायच्या गोळ्यांबद्दल कॉक्रेनचा २०२४ चा निष्कर्ष असा, की त्यांनी सर्दी टळत नाही, पण झालेली सर्दी दोनेक दिवस आधी आटोपू शकेल. पुरावा कच्चा आहे. या गोळ्यांची चव इतकी वाईट असते, की खरी गोळी कुणाला आणि खोटी कुणाला हे गुपित राहणंच कठीण. आठवडाभर घेतल्याने फार बिघडत नाही, थोडी मळमळ सोडली तर. महिनोन् महिने मोठा डोस घेणं वेगळं. जास्तीचं झिंक तांब्याचं शोषण अडवतं आणि तांबं कमी पडलं की रक्तातल्या न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशीच घटतात. प्रतिकारशक्तीसाठी घेतलेली गोळी प्रतिकाराचे शिपाईच कमी करते, याहून मोठा विनोद कोणता! आणि हे नकळत होतं: मल्टिव्हिटॅमिनमध्ये झिंक, फसफसणाऱ्या गोळीत झिंक, चघळायच्या गोळीतही झिंक. लेबलवरच्या आकड्यांची रोजची बेरीज ४० मिलिग्रॅमच्या पुढे चालली असेल तर एखादी बाटली बंद करावी.

लोहाच्या बाबतीत शरीराचं धोरणच उलटं असतं. बहुतेक जीवाणूंना वाढायला लोह लागतं, म्हणून संसर्ग झाला की यकृत हेप्सिडिन हे संप्रेरक सोडतं आणि रक्तातलं लोह पेशींमध्ये दडवून ठेवलं जातं. टांझानियाच्या पेंबा बेटावर, जिथे मलेरिया सतत असतो, लहान मुलांना सरसकट लोह आणि फॉलिक ॲसिड दिलं तेव्हा त्यांची रुग्णालयातली भरती आणि मृत्यू वाढले. चाचणीतला लोहाचा भाग मुदतीआधीच थांबवावा लागला. २००६ मध्ये हे निकाल प्रसिद्ध झाले. ज्या मुलांच्या शरीरात लोह खरंच कमी होतं त्यांचं मात्र असं नुकसान दिसलं नाही. घरच्या घरी लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट म्हणजे तापात लोहाची तपासणी करू नये. संसर्गात लोहाचा साठा दाखवणाऱ्या फेरिटिनचा आकडा आपोआप चढतो आणि कमतरता झाकली जाते.

शिवाय ऋतूबरोबर येणाऱ्या आजारांची सगळी जबाबदारी अन्नावर टाकता येत नाही. कोरडी हवा, बंद खोल्यांतली गर्दी, गार पडलेलं नाक हे सगळे त्यात वाटेकरी आहेत. २०१५ मध्ये १६४ निरोगी लोकांच्या नाकात मुद्दाम सर्दीचे विषाणू सोडले, तेव्हा सहा तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याची शक्यता सात तासांहून जास्त झोपणाऱ्यांच्या चौपट निघाली. आणि फ्लूविरुद्ध यंत्रणेला नेमकं शिकवायचं तर ते काम लस करते, गोळी नाही.

मग गोळ्या कुणासाठी? ज्यांच्याकडे उणीव आहे किंवा असण्याची दाट शक्यता आहे त्यांच्यासाठी. भूक मंदावलेले वृद्ध, गरोदर स्त्रिया, प्राणिजन्य पदार्थ पूर्ण वर्ज्य करणारे (यांना बी-१२ लागतंच), आतड्याचे विकार असलेले किंवा जठराची शस्त्रक्रिया झालेले, उन्हाचं तोंड न पाहणारे. यांनी तपासून, डॉक्टरांना विचारून घ्यावं. आधीपासून दुसरी औषधं चालू असतील तर तेही सांगावं, कारण झिंक, लोह आणि कॅल्शियम पोटात काही औषधांना चिकटून त्यांना निकामी करतात. सिप्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक अशा गोळीच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यायचं असतं, आणि थायरॉईडची गोळी व लोह किंवा कॅल्शियम यांच्यात चार तासांचं अंतर हवं.