घातक डाव वगळल्यामुळे ज्युदो दुबळा झाला?

घातक डाव काढल्यामुळे ज्युदो निव्वळ खेळ उरला, असं वर्षानुवर्षं ऐकवलं जातं. खरं तर उलटच घडलं. ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये टोकियोत कोदोकान ही ज्युदोची शाळा सुरू केली. ठोसे, लाथा त्यांनी ठरावीक क्रमाच्या ‘काता’त ठेवल्या, ‘रांदोरी’ या मुक्त सरावातून वगळल्या. म्हणूनच जिवाच्या आकांतानं विरोध करणाऱ्या जोडीदारावरही पूर्ण ताकदीनं डाव टाकता येतो, आणि तोही रोज. डोळ्यात बोट घालण्याचा असा सराव कुणावर करणार? रांदोरीत पुढची चाल आधी ठरलेली नसते. शिवाय प्रशिक्षक ऐन वेळी अट बदलू शकतात: आज फक्त डावी पकड, किंवा सुरुवात गुडघ्यांवरून. पडण्याचं तंत्र, म्हणजे उकेमी, मात्र त्याआधी पक्कं हवंच. पडताना हात टेकवला तर मनगट मोडू शकतं.