साखर निर्यात तंटा आणि बेळगाव सीमाभागातील ऊस

भारताचा ऊसदर आणि साखर अनुदाने यांविरुद्ध ब्राझील, ऑस्ट्रेलिया व ग्वाटेमाला यांनी 2019 मध्ये जागतिक व्यापार संघटनेत नेलेला तंटा. निपाणी, चिकोडी, अथणी, रायबाग, हुक्केरी, गोकाक या ऊसपट्ट्याशी त्याचा संबंध एफआरपीतून, म्हणजे केंद्राने ठरवलेल्या किमान ऊसदरातून येतो.

2025-26 च्या हंगामासाठी हा दर 10.25 टक्के उताऱ्याला (उतारा म्हणजे उसाच्या वजनातून निघणाऱ्या साखरेचे प्रमाण) क्विंटलमागे 355 रुपये आहे. त्यापुढे उताऱ्याच्या प्रत्येक 0.1 टक्क्याला 3.46 रुपये वाढतात. म्हणजे 11 टक्के उतारा असलेल्या कारखान्याचा दर टनाला सुमारे 3,810 रुपये होतो. त्यातून तोडणी-वाहतूक वजा होते. बिल 14 दिवसांत न दिल्यास 15 टक्के व्याज लागते. ते हातात पडणे मात्र दुर्मीळच.

एफआरपीची रक्कम कारखाना देतो, सरकार नव्हे, असा भारताचा बचाव होता. 14 डिसेंबर 2021 च्या अहवालात तंटा मंडळाने तो फेटाळला. सरकारने दर बांधला की तो शेतकऱ्याला दिलेला सरकारी आधारच, म्हणजे अनुदानच, मग पैसे कोणीही देवो. 2014-15 ते 2018-19 या पाचही हंगामांत हा आधार ऊस उत्पादनाच्या मूल्याच्या 10 टक्क्यांची मर्यादा ओलांडत होता, असा निष्कर्ष निघाला. मोजणीची मूळ अडचण अशी, की संघटनेच्या कृषी करारातली संदर्भ किंमत, म्हणजे ज्या किमतीशी आजचा दर ताडून आधार मोजतात ती, 1986-88 च्या सरासरीवर गोठलेली आहे. तीन दशकांची महागाई त्यामुळे अनुदानाच्या खाती जमा होते. निर्यातीशी जोडलेली अनुदानेही मंडळाने नियमबाह्य ठरवली.

भारताने लगेच अपील केले. पण अपील मंडळ डिसेंबर 2019 पासून ठप्प आहे, कारण अमेरिका नव्या सदस्यांच्या नेमणुका अडवते आणि एका सुनावणीला तीन सदस्य लागतात. अपील प्रलंबित असल्याने अहवाल लागू होत नाही.

प्रत्यक्षात निर्यात थांबवली ती दिल्लीच्या आदेशांनी. 2019-20 मध्ये 60 लाख टनांच्या निर्यात कोट्यावर टनाला 10,448 रुपये अनुदान होते. पुढच्या हंगामात ते 6,000 आणि मग 4,000 वर आले. 2021-22 मध्ये जागतिक भाव चढल्याने अनुदानाविना विक्रमी निर्यात झाली. 1 जून 2022 पासून मात्र निर्यातीवर बंधन आले. 2024-25 साठी 10 लाख टनांची परवानगी जानेवारीत मिळाली, तेव्हा सीमाभागातले गाळप अर्धे उरकले होते. निर्यातीसाठी कच्ची साखर करायची तर हंगामाच्या सुरुवातीलाच साखर पांढरी करणारी गंधक-प्रक्रिया टाळून रस वळवावा लागतो. पांढरी पोती गोदामात गेल्यावर तो मार्ग बंद होतो. बंदरापर्यंतच्या अंतरामुळे कारखान्यांत कोट्यांची अदलाबदलही फायद्याची ठरते. बंदरापासून दूरचे उत्तरेकडचे कारखाने आपला निर्यात कोटा सोडून देशांतर्गत विक्रीचा कोटा घेतात, आणि गोव्याच्या बंदराजवळचे इकडचे कारखाने उलटा व्यवहार करतात.

द्विपक्षीय वाटाघाटी अधिक लवकर फळतात. इंडोनेशियाने 2020 च्या सुमारास कच्च्या साखरेच्या किमान रंगाची अट 1200 इकुम्सावरून (साखरेचा रंग मोजण्याचे एकक; आकडा मोठा तितकी साखर गडद) 600 वर आणल्याने भारतीय साखरेला तिथली बाजारपेठ खुली झाली.