शेपूवाल्यांच्या गावचा कोपर्निकस

दिल्लीला कामासाठी गेलेल्या मराठी माणसाला कोपर्निकस मार्ग ठाऊक असतो. जुनं महाराष्ट्र सदन त्याच रस्त्यावर आहे, त्यामुळे रिक्षावाल्याला हे नाव सांगून झालेलं असतं. पृथ्वी सूर्याभोवती फिरते असं मांडणाऱ्या माणसाचं हे नाव, एवढंही शाळेतलं आठवत असतं. पण ‘कोपर्निकस’ ही त्या नावावर चढवलेली लॅटिन झूल आहे. ती काढली की खाली उरतं पोलिश आडनाव कोपेर्निक. आणि हे आडनाव पोलंडमध्ये आज फार कमी लोकांचं आहे.

पोलंडची लोकसंख्या पावणेचार कोटींच्या आसपास. तिथलं सर्वांत जास्त आढळणारं आडनाव नोव्हाक, म्हणजे ‘नवा आलेला’. ते सुमारे दोन लाख लोकांचं आहे. त्याखालोखाल कोव्हाल्स्की, ‘कोव्हाल’ म्हणजे लोहार. शेवटी ‘स्की’ असलेली पोलिश आडनावं आपण बातम्यांत नेहमी वाचतो. त्यांतली पुष्कळशी मुळात गावावरून किंवा जहागिरीवरून पडली, म्हणजे काम साधारण आपल्या ‘कर’चं. कोपेर्निकला मात्र हा ‘स्की’ लागलेला नाही, तरी हे आडनावही गावावरूनच आलेलं आहे.

ते गाव म्हणजे कोपेर्निकी. दक्षिण पोलंडमध्ये, सिलेसिया प्रांतातल्या निसा शहराजवळ. गावाचं नाव अनेकवचनी आहे आणि त्यात एक जुनी राजव्यवस्था दडलेली आहे. मध्ययुगात पियास्त घराण्याच्या राजांनी एकेका गावाला एकेक सेवा लावून दिलेली असे. झ्वोत्निकी हे सोनारांचं गाव, पिएकारी पाव भाजणाऱ्यांचं, श्चित्निकी ढाली बनवणाऱ्यांचं, कोबिल्निकी घोड्या सांभाळणाऱ्यांचं. अख्खं गाव एकच काम करून दरबाराची गरज भागवी. अशी अनेकवचनी गावनावं पोलंडच्या नकाशावर आजही विखुरलेली दिसतात. सेवा संपून शतकं उलटली, पाट्या राहिल्या.

मग कोपेर्निकीचे लोक काय करत? ‘कोपेर’ म्हणजे शेपू! या अर्थाने कोपेर्निक म्हणजे शेपू पिकवणारा किंवा विकणारा. आपल्याकडे शेपूवरून घराघरांत दोन तट पडतात, हे मी माझ्या घरातल्या अनुभवावरून सांगतो. पोलंडमध्ये तो प्रश्नच नाही. उकडलेल्या कोवळ्या बटाट्यांवर शेपू, काकडीच्या लोणच्यात शेपू, सूपवर शेपू. आणखी एक गंमत. बडीशेपेला पोलिश भाषेत ‘कोपेर व्होस्की’ म्हणतात, शब्दशः ‘इटलीचा शेपू’. दोन्ही वनस्पतींची पानं सारखीच झिरझिरीत, म्हणून एकीचं नाव दुसरीला देऊन पुढे विशेषण जोडायचं, ही युक्ती मराठीने आणि पोलिशने एकमेकींना न विचारता केली.

शेपूची व्युत्पत्ती सगळ्यांना मान्य आहे असं नाही. दुसरा पक्ष तांब्याचा. तांब्याला जर्मन भाषेत ‘कुप्फर’ म्हणतात, सिलेसियात जर्मन बोलणाऱ्यांची वस्ती मोठी होती, आणि खगोलशास्त्रज्ञाचे वडील तर तांब्याचे व्यापारी होते. ऐकायला हे फारच जुळून येतं, पण इथेच जपून राहावं. आडनाव वडिलांच्या धंद्याहून कित्येक दशकं जुनं आहे, त्यामुळे धंद्यावरून नाव पडलं हा तर्क टिकत नाही. तांब्याला पोलिश शब्दही वेगळाच आहे, ‘म्येच’. ‘कोपेर्निक’ची घडण मात्र पोलिश वळणाची आहे. या वादाला दुसरंही एक अस्तर होतं. कोपर्निकस जर्मन की पोलिश, यावर दोन्हीकडच्या अभिमानी मंडळींनी शतकभर शाई खर्च केली. शेपू म्हटलं की तो पोलिश, तांबं म्हटलं की जर्मन. मला स्वतःला शेपूचं पारडं जड वाटतं, आणि त्याचं कारण राष्ट्रीयत्व नसून गावनावाची ती अनेकवचनी घडण आहे.

गावावरून आडनाव पडायला आधी गाव सोडावं लागतं. सातारकर साताऱ्यातून बाहेर पडल्यावरच सातारकर होतो. साताऱ्यात त्याला तसं कोण म्हणणार? चौदाव्या शतकात कोपेर्निकीतली माणसं बाहेर पडू लागली. १३६७ मध्ये हे नाव क्राकूव्हमध्ये दिसतं, १४०० मध्ये उत्तरेकडच्या तोरुनमध्ये. क्राकूव्हच्या शाखेतला मिकोवाय हा तांब्याचा व्यापारी १४५८ च्या सुमारास तोरुनला आला आणि तिथल्या श्रीमंत वात्सेनरोडे घराण्यातल्या बार्बाराशी त्याचं लग्न झालं. १९ फेब्रुवारी १४७३ ला त्यांना झालेल्या मुलाचं नावही मिकोवाय. तोच आपला निकोलस कोपर्निकस.

त्या काळी आडनाव अजून नीट गोठलेलं नव्हतं. कोप्पेर्निग्क, कोप्पेर्निक, कोपेर्निकुस अशी रूपं कागदोपत्री सापडतात. खगोलशास्त्रज्ञ स्वतः कित्येक वर्षं दोन ‘प’ घालून सही करत असे. त्याच्या वरिष्ठ बिशपची कथा आणखी बोलकी. हा बिशप योहानेस डान्टिस्कुस या लॅटिन नावाने प्रसिद्ध आहे. डान्टिस्कुस म्हणजे डान्झिगचा, डान्झिगकर म्हणा. घराण्याचं आधीचं नाव वेगळंच, दोर वळणाऱ्याच्या अर्थाचं. माणूस शिकला, मोठा झाला, नाव बदललं. आधार कार्डाच्या काळात हे कुणाला जमेल?

आता तोरुनच्या त्या घराकडे परत येऊ. मुलं चार. थोरला आंजेय आणि धाकटा मिकोवाय हे दोघेही मामाच्या वशिल्याने उत्तरेकडच्या वार्मिया प्रांताच्या धर्मपीठावर अधिकारी झाले. या पदावर लग्नाला मुभा नव्हती. बहीण बार्बारा जोगीण होऊन मठात गेली. दुसरी बहीण काताझिना हिचं एका व्यापाऱ्याशी लग्न झालं आणि तिला पाच मुलं झाली. वडील वारल्यावर भावंडांना मामाने सांभाळलं होतं. पुढे बहिणीच्या मुलांकडे मामा म्हणून निकोलसने आयुष्यभर लक्ष दिलं. पण ही पाचही मुलं बापाचं आडनाव लावणारी. म्हणजे चार भावंडांचं भरलं घर आणि पुढच्या पिढीत कोपेर्निक एकही नाही. रक्त पुढे गेलं, नाव थांबलं.

ही केवळ एका घराची गोष्ट नाही. व्हिक्टोरियाच्या काळात इंग्लंडमधल्या जाणत्यांना एक चिंता सतावत होती: थोरामोठ्यांची घराणी नामशेष का होतात? श्रीमंतीने प्रजननशक्ती घटते, असंही म्हटलं जाई. फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८७३ मध्ये हाच प्रश्न गणिताचा म्हणून ‘एज्युकेशनल टाइम्स’मध्ये मांडला, आणि हेन्री वॉटसन नावाच्या गणित जाणणाऱ्या पाद्र्याने तो सोडवायला घेतला. त्याची पद्धत आज ‘गाल्टन-वॉटसन प्रक्रिया’ म्हणून शिकवली जाते.

कागद-पेन घेऊन आपणही करून पाहू. आडनाव फक्त मुलग्यांकडून पुढे जातं असं धरा. प्रत्येक पुरुषाला सरासरी एक मुलगा; म्हणजे लोकसंख्या ना वाढते ना घटते. पण सरासरी एक याचा अर्थ प्रत्येकाला नेमका एक असा होत नाही. कुणाला तीन होतात, कुणाला एकही नाही. संभाव्यतेचा नेहमीचा पॉयसाँ नियम लावला, तर १०० पुरुषांपैकी सुमारे ३७ जणांना मुलगाच होत नाही. समजा, या १०० जणांची १०० वेगवेगळी आडनावं होती. एकाच पिढीत त्यातली ३७ गेली! दुसऱ्या पिढीअखेर ५३ गेलेली असतात, पाचव्या पिढीअखेर ७३, दहाव्या पिढीअखेर ८४. वीस पिढ्यांनी, म्हणजे कोपर्निकसपासून आजपर्यंतच्या काळाइतकं लोटल्यावर, १०० पैकी नऊच्या आसपास आडनावं शिल्लक राहतात. माणसं मात्र साधारण तितकीच असतात, कारण उरलेली आडनावं फुगलेली असतात. यात रोगराई नाही, युद्ध नाही, श्रीमंतीचा शाप नाही. नुसती नाणेफेक आहे.

लोकसंख्या वाढत असेल तर? सरासरी १.२ मुलगे धरले, तरी १०० पैकी ६८-६९ आडनावं कधी ना कधी बुडतातच. उरलेली ३१ तगतात. इथे वॉटसनची गफलत झाली. प्रत्येक आडनाव शेवटी बुडणारच, असा निष्कर्ष त्याने काढला. बुडण्याची शक्यता काढणाऱ्या त्याच्या समीकरणाला ‘एक’, म्हणजे बुडणं अटळ, हे उत्तर कायमच असतं, पण सरासरी एकाहून जास्त असेल तर त्याहून लहान दुसरं उत्तरही असतं आणि खरं तेच. ते त्याच्या नजरेतून सुटलं. गंमत म्हणजे फ्रान्सच्या ब्येनेमे या गणितज्ञाने १८४५ मध्येच बरोबर निष्कर्ष लिहून ठेवला होता, आणि कुणाच्या लक्षात नव्हता. पुढे हेच गणित अणुभट्टीतल्या साखळी प्रक्रियेला लागू पडलं: एका न्यूट्रॉनपासून किती न्यूट्रॉन निपजतात आणि साखळी विझते की भडकते.

मग नोव्हाक दोन लाख आणि कोपेर्निक मूठभर, असं का? नोव्हाक हे एका झऱ्याचं पाणी नाही. कुठल्याही गावात नवा माणूस राहायला आला की तो नोव्हाक, आणि प्रत्येक गावात लोहार होताच. हजारो झऱ्यांतून ही नावं स्वतंत्रपणे उगवली, त्यातले बरेच आटले तरी नदी वाहती राहिली. कोपेर्निकचा झरा एका लहानशा गावाचा, फार तर इथेतिथे शेपू विकणारा एखादा. पत्ते कमी असले की डाव लवकर संपतो.

हा फरक जनुकांतही दिसतो. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जातं, आडनावासारखंच. इंग्लंडमधल्या लेस्टर विद्यापीठाच्या टुरी किंग आणि मार्क जॉबलिंग यांनी २००९ मध्ये ४० इंग्रजी आडनावांच्या पुरुषांची वाय गुणसूत्रं तपासली. स्मिथ आडनावाचे दोन पुरुष एकमेकांना कुठल्याही दोन अनोळखी पुरुषांइतकेच परके निघाले. दुर्मीळ आडनावांच्या बाबतीत मात्र बहुतेकांची गुणसूत्रं एकाच मूळपुरुषाकडे बोट दाखवत होती. तेव्हा आपलं आडनाव दुर्मीळ आहे म्हणून कुणी घराण्याच्या थोरवीचा दावा करू लागला, तर एवढंच म्हणावं की तुमचे आडनावबंधू बहुधा खरेच तुमचे भाऊबंद आहेत. थोरवीचं गुणसूत्रात काही लिहिलेलं नसतं.

कोपर्निकसच्या बाबतीत ही वाट बंदच होती. २००५ मध्ये पुरातत्त्वज्ञ येझी गॉन्सोव्स्की यांच्या पथकाला वार्मियातल्या फ्रोम्बोर्कच्या कॅथीड्रलमध्ये एका वेदीजवळ सुमारे सत्तर वर्षांच्या पुरुषाची कवटी सापडली. कोपर्निकस १५४३ मध्ये सत्तराव्या वर्षी तिथेच वारला होता. वॉर्सामधल्या पोलिसांच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेने कवटीवरून चेहरा उभा केला, तो जुन्या चित्रांशी जुळला. पण चेहरा हा पुरावा नव्हे. वाय गुणसूत्र ताडून पाहायला पुरुषवंश हवा, आणि कोपेर्निकांचा हा वंश तर त्या पिढीतच खुंटलेला. उत्तर मिळालं ते एका पुस्तकात. कोपर्निकसने वर्षानुवर्षं वापरलेलं पंचांगाचं एक पुस्तक सतराव्या शतकातल्या युद्धात स्वीडिश सैन्याने लुटून नेलं होतं. ते स्वीडनमधल्या उपसालामध्ये जपून ठेवलेलं आहे आणि त्याच्या पानांत केस अडकलेले होते. त्यातल्या दोन केसांमधला मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए कवटीच्या दाताशी जुळला. हा डीएनए फक्त आईकडून येतो. म्हणजे कोपेर्निकची ओळख पटली ती वात्सेनरोडेंच्या लेकीकडून मिळालेल्या वारशावर. २०१० च्या मे महिन्यात त्याला त्याच कॅथीड्रलमध्ये पुन्हा, यावेळी समारंभाने, पुरण्यात आलं.

आज कुणी कोपेर्निक आडनावाचा भेटला तर तो खगोलशास्त्रज्ञाचा वंशज नव्हे, हे जवळपास खात्रीने सांगता येतं. कोपर्निकसला मूलबाळ असल्याची नोंद नाही. तोरुन-क्राकूव्हच्या एखाद्या दूरच्या शाखेचा असेल, किंवा त्याचा पूर्वज निराळाच शेपूवाला असेल. काझिमिएश रिमुत या भाषाशास्त्रज्ञाने १९९० च्या दशकात नागरिक नोंदणीवरून पोलंडच्या तत्कालीन आडनावांचा दहा खंडी कोश केला. कुठल्या प्रांतात कुठल्या आडनावाची किती माणसं, एवढंच त्यात ओळीने दिलेलं आहे. नोव्हाकच्या ओळीत हजारांचे आकडे, काही आडनावांसमोर नुसता एक.

आणि नवे कोपेर्निक आता होणार नाहीत. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात सरकारांनी आडनावं कायद्याने पक्की केली, तेव्हाच तो नळ बंद झाला. कोपेर्निकी गाव अजून आहे. दुसऱ्या महायुद्धापर्यंत ते जर्मनीत होतं, नावही जर्मन वळणाचं होतं. १९४५ नंतर सरहद्द सरकली, सिलेसियातल्या बहुतेक जर्मनांना हाकलण्यात आलं आणि पूर्वेकडून उठवलेली पोलिश कुटुंबं तिथल्या गावांमध्ये आली. ती आपापली आडनावं घेऊन आली. त्यांचा एखादा मुलगा आज नोकरीसाठी क्राकूव्हला गेला, तर शहरात त्याला कोपेर्निक कुणी म्हणत नाही. तो घरून आणलेल्या आडनावानेच राहतो, कदाचित नोव्हाक.