अपस्मारासह दैनंदिन जीवन

मेंदूतील विद्युत्-संदेशांत अचानक गडबड होऊन वारंवार झटके येण्याच्या विकाराला अपस्मार म्हणतात. बोलीत फिट, फेफरे, आकडी, मिरगी ही नावे आहेत. जगात सुमारे ५ कोटी लोकांना हा विकार आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते वेळीच निदान आणि नीट उपचार झाल्यास त्यांतील ७० टक्क्यांपर्यंत लोक झटक्यांविना जगू शकतात. झटका बहुधा दोन-तीन मिनिटांत ओसरतो; पण पुढचा कधी येईल याचा नेम नसतो.

म्हणून रोजची गोळी ठरल्या वेळी घेणे सर्वांत महत्त्वाचे. गोळी चुकली, जागरण झाले किंवा ताप चढला, तर थांबलेले झटके परत येऊ शकतात. निर्जळी उपवासाच्या दिवशीही गोळी पाण्याबरोबर घ्यावीच. बरे वाटते म्हणून ती स्वतःहून बंद करणे धोक्याचे असते. काही वर्षे झटका आला नाही, तर डॉक्टर मात्रा हळूहळू उतरवण्याचा विचार करतात. झटके आटोक्यात नसतील, तर बाथरूमला आतून कडी लावू नये, विहिरीत-नदीत एकट्याने उतरू नये आणि गाडी चालवू नये.

आजार लपवण्याने होणारे नुकसान खुद्द आजाराइतकेच मोठे आहे. विशेषतः मुलीचे लग्न जमवताना तो सांगितला जात नाही. मग सासरी तिला गोळ्याही चोरून घ्याव्या लागतात, त्या चुकतात आणि झटका येतोच. १९७६ च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्यात अपस्मार हा लग्नातील अडसर ठरला होता. १९९९ मध्ये ती तरतूद वगळण्यात आली. घरांतली भीती मात्र तेवढ्या लवकर गेली नाही. अपस्मार असलेल्या बहुतेक स्त्रियांना निरोगी मूल होते. मात्र व्हॅल्प्रोएटसारख्या औषधाने गर्भाला अपाय होऊ शकतो, त्यामुळे मूल हवे असल्यास आधीच डॉक्टरांशी बोलून औषध ठरवावे लागते. आजार लपवलेल्या घरात हे बोलणेच राहून जाते.

शाळेत, कामाच्या ठिकाणी निदान एक-दोघांना आजाराची कल्पना असावी. झटका आल्यास त्यांनी रुग्णाला कुशीवर वळवावे, डोक्याखाली मऊ काहीतरी ठेवावे आणि घड्याळ पाहावे. हातपाय दाबून धरू नयेत, दातांत चमचा घालू नये. कांदा किंवा चप्पल हुंगवण्याचा काही उपयोग नसतो. झटका ५ मिनिटांहून लांबला किंवा शुद्ध येण्याआधीच दुसरा आला, तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.