पुराना मंदिर (चित्रपट व होम व्हिडिओ आवृत्त्या)

मुंबईच्या रामसे बंधूंनी १९८४ साली प्रदर्शित केलेला हिंदी भयपट. दिग्दर्शन तुलसी व श्याम रामसे, छायालेखन गंगू रामसे, संगीत अजित सिंग. भूमिका : मोहनीश बहल, आरती गुप्ता, पुनीत इस्सर, प्रदीप कुमार, जगदीप, आणि सामरी या सैतानाच्या वेशात अनिरुद्ध अगरवाल. अगरवाल हे रूडकीला शिकलेले स्थापत्य अभियंते होते. त्यांची विलक्षण उंची व चेहऱ्याची ठेवण यांवरच पुढे ‘थ्रीडी सामरी’ (१९८५) हा स्वतंत्र चित्रपट उभा राहिला.

कथा सर्वपरिचित आहे. सामरीचे मुंडके धडावेगळे करून दोन्ही निरनिराळ्या जागी ठेवले जातात. मरताना तो राजघराण्यातील स्त्रियांना बाळंतपणात मरण्याचा शाप देतो. दोनशे वर्षांनी त्याच घराण्यातील सुमन प्रियकरासह जुन्या हवेलीत जाते आणि मुंडके पुन्हा धडाशी येते. जगदीप यांचे मच्छर सिंग हे ‘शोले’चे विडंबन मूळ कथेला जेमतेम टाचलेले आहे. परदेशी समीक्षकांना त्याचे कोडे पडते. वगात सोंगाड्या पाहिलेल्या प्रेक्षकाला ते पडण्याचे कारण नाही.

या चित्रपटाची मुळे कोठे शोधावीत, याविषयी दोन मते आहेत. रामसे कुटुंबीयांच्या मुलाखतींतून आलेले मत असे : फाळणीनंतर कराचीहून मुंबईस आलेले एफ. यू. रामसे यांचे लॅमिंग्टन रोडवर (आताचा डॉ. भडकमकर मार्ग) रेडिओचे दुकान होते. त्यांनी काढलेला ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ (१९७०) पडला, पण त्यात पृथ्वीराज कपूर भेसूर मुखवटा घालून चोरी करतात तेवढ्या प्रसंगासाठी लोक पुन्हा येत. हे मुलांनी हेरले आणि त्यातून ‘दो गज जमीन के नीचे’ (१९७२) हा महाबळेश्वरला अल्प खर्चात चित्रित केलेला भयपट निघाला. ही हकिगत पुष्कळ नंतर आणि अनेकदा सांगितली गेली असल्याने ती सांगून सांगून गुळगुळीत झाली असावी. मात्र तिचा गाभा नाकारण्यास सबळ कारण दिसत नाही.

दुसरे मत ब्रिटनच्या हॅमर स्टुडिओच्या भयपटांकडे बोट दाखवते. थडगी, धुके, मशाली, भडक लाल-निळा प्रकाश हे सारे तेथून आले, हे उघड आहे. ‘महल’ (१९४९) व ‘बीस साल बाद’ (१९६२) यांना हिंदी भयपटाचे पूर्वज मानण्याची प्रथाही आहे. ती जपूनच स्वीकारावी लागते, कारण या दोन्ही चित्रपटांत भूत शेवटी माणसाचा बनाव ठरते. सामरी मात्र खरोखरच सैतान आहे आणि तो आवरतो त्रिशूळाने. दृश्यरूप हॅमरचे आणि निवारण देवळातले, असे म्हणणे वस्तुस्थितीच्या अधिक जवळ जाईल.

होम व्हिडिओच्या इतिहासात या चित्रपटाला महत्त्व आले ते बहुधा काळामुळे. १९८२ च्या दिल्ली आशियाई खेळांनंतर रंगीत दूरचित्रवाणी व व्हीसीआर झपाट्याने पसरले आणि मुंबईत गल्लोगल्ली व्हिडिओ लायब्रऱ्या निघाल्या. नव्या चित्रपटांच्या चोरट्या कॅसेटी नाझ सिनेमाच्या आवारातील वितरकांच्या चिंतेचा विषय झाल्या. १ जून १९८३ पासून ‘यूए’ (लहान मुलांनी पालकांच्या देखरेखीखाली पाहण्याचे) व ‘एस’ (डॉक्टरांसारख्या ठरावीक प्रेक्षकांसाठीचे) हे प्रमाणपत्राचे नवे वर्ग आले आणि सेन्सॉरचे नाव केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळ झाले. १९८४ च्या दुरुस्तीने स्वामित्वहक्क कायद्यात व्हिडिओ फिल्मचा समावेश होऊन कलम ५२अ आले : कॅसेटवर व तिच्या वेष्टनावर निर्मात्याचे व हक्कधारकाचे नाव-पत्ता, तसेच प्रमाणपत्राची प्रत दाखवणे बंधनकारक झाले. त्या काळच्या कॅसेटींच्या आरंभी प्रमाणपत्र बराच वेळ स्थिर दिसते त्याचे कारण हे.

‘पुराना मंदिर’ला ‘ए’ (केवळ प्रौढांसाठी) प्रमाणपत्र होते. अशा चित्रपटाच्या व्हिडिओ प्रतीत काटछाट कोणत्या टप्प्यावर झाली, हे ओळखण्याची एक खूण आहे. ३५ मिमी प्रिंटवर, म्हणजे चित्रपटगृहात चालणाऱ्या फिल्मवर, एखाद्या चौकटीचा (फ्रेमचा) ध्वनी तिच्या शेजारी नसून सुमारे २० चौकटी पुढे छापलेला असतो. त्यामुळे तयार प्रिंटमधून तुकडा कापून जोड दिला, तर चित्र आधी उडी घेते आणि संवाद किंवा पार्श्वसंगीत जवळपास पाऊण सेकंदाने तुटते. छपाईपूर्वी संकलनातच काढलेल्या भागात असे होत नाही. प्रिंटवरून केलेल्या कॅसेटीत हे दुहेरी धक्के जसेच्या तसे उतरतात. सगळेच धक्के सेन्सॉरचे मानू नयेत. पुष्कळसे प्रोजेक्टरवर फाटलेल्या फिल्मचे असतात.

आवृत्त्यांच्या लांबीतील फरकही नेहमी काटछाटीमुळे नसतो. सेकंदाला २४ चौकटींचा चित्रपट पाल या भारतातील दूरचित्रवाणी पद्धतीत २५ चौकटींनी धावतो, म्हणून १४५ मिनिटांचा चित्रपट सुमारे १३९ मिनिटांत संपतो आणि आवाज किंचित चढा लागतो. अमेरिकेतील एनटीएससी पद्धतीत लांबी कायम राहते. संग्राहकांमधील ‘अखंड प्रती’चे बरेच वाद या एका हिशेबाने मिटावेत.

पुढे व्हीसीडी (व्हिडिओ साठवलेली सीडी) आली. एका चकतीवर ७४ ते ८० मिनिटे मावत असल्याने चकती बदलण्याची वेळ मध्यंतराच्या आसपास येई, हे सोयीचेच होते. मात्र ३५२ × २८८ बिंदू आणि सेकंदाला जेमतेम १.१५ मेगाबिट माहिती एवढ्यात गंगू रामसे यांचे अंधारातील चित्रण चौकोनी ठिपक्यांत फुटत असे. सामरी दिसण्यापेक्षा ऐकू जास्त येई.

परदेशात ब्रिटिश लेखक पीट टूम्स यांच्याशी निगडित ‘माँडो मकाब्रो’ या कंपनीने हा चित्रपट ‘बंद दरवाजा’ (१९९०) याच्या जोडीने डीव्हीडीवर काढला. नंतरच्या ब्लू-रे संचात या दोहोंखेरीज ‘तहखाना’, ‘वीराना’, ‘पुरानी हवेली’ व ‘महाकाल’ हे चित्रपट आहेत. मुंबईत तोवर रामसे बंधू स्वतः ‘झी हॉरर शो’च्या (१९९३ पासून) द्वारे थेट दूरचित्रवाणीवर गेले होते.