व्यवसाय शिक्षणात कृत्रिम बुद्धिमत्ता (मराठवाडा)

यंत्रकाम, वीजकाम, जोडकाम (वेल्डिंग) अशा हातकौशल्याच्या व्यवसायांत प्रशिक्षणार्थीची चूक ओळखणे, तिचे कारण सुचवणे आणि सरावाचा क्रम ठरवणे यांसाठी केलेला संगणकीय प्रणालींचा वापर. मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत हे शिक्षण मुख्यतः औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून (आयटीआय) मिळते. त्यांचा पाया केंद्राच्या १९५० च्या शिल्प कारागीर प्रशिक्षण योजनेत आहे. कारखान्यातील उमेदवारीला १९६१ च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमाचा आधार आहे.

या वापराच्या उगमाबद्दल एकमत नाही. काही अभ्यासक तो अमेरिकी मानसशास्त्रज्ञ सिडनी प्रेसी यांच्या १९२० च्या दशकातील चाचणीयंत्रापर्यंत मागे नेतात, तर काही इलिनॉय विद्यापीठातील ‘प्लेटो’ या संगणकीय शिक्षणप्रणालीपर्यंत (१९६० च्या सुमारास). मात्र ही दोन्ही साधने मुख्यतः आधीच ठरवलेली उत्तरे तपासत. विद्यार्थी कोणत्या तर्काने चुकला, याचा शोध त्यांत नव्हता. तो साधारणतः १९७० च्या दशकाच्या मध्यात ‘सोफी’ या प्रणालीत आला. तीत शिकणारा वीजपुरवठा करणाऱ्या उपकरणाच्या सर्किटमधील बिघाड शोधे, मोजमापे मागे आणि प्रणाली त्याचे अनुमान पारखे. पुढे १९८० च्या दशकात ‘शेरलॉक’ या प्रणालीने अमेरिकी हवाई दलातील तंत्रज्ञांना हाच सराव दिला. व्यवसाय शिक्षणापुरते पाहता आरंभ ‘सोफी’पासून मानणे अधिक सयुक्तिक ठरते.

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आल्यानंतर हे तंत्र मोबाइलवर पोचले. जोडकामाचे उदाहरण बोलके आहे. वेल्डच्या मण्यात (जोडावर थिजलेल्या धातूच्या पट्टीत) बारीक छिद्रे (पोरॉसिटी) का पडली, असे मराठीत विचारल्यास ओलसर इलेक्ट्रोड, पत्र्यावरचा गंज वा तेल, लांब धरलेला आर्क (धातू वितळवणारी विजेची ज्योत) ही कारणे मिळतात. यांपैकी आपले कारण कोणते, हे शिल्प निदेशक आर्कचा आवाज ऐकून आणि मनगटाची चाल पाहून सांगतो. लिहून विचारलेल्या प्रश्नात यांतले काहीच पोचत नाही. सीएनसी (संगणकाने नियंत्रित) यंत्राचे काम याहून सोयीचे, कारण प्रोग्रॅम, अलार्म क्रमांक आणि मापे लेखी असतात. वाळूज, चिकलठाणा व शेंद्रा येथील वाहन व सुटे भाग उद्योगांमुळे छत्रपती संभाजीनगरला या कौशल्याचे महत्त्व मोठे आहे. तेथील इंडो-जर्मन टूल रूममध्ये टूल व डाय बनवण्याचे प्रशिक्षण मिळते.

कृत्रिम बुद्धिमत्ता हाच विषय म्हणून शिकवणारा ‘आर्टिफिशियल इंटेलिजन्स प्रोग्रॅमिंग असिस्टंट’ हा आयटीआयचा एक वर्षाचा व्यवसाय (अभ्यासक्रम) वेगळा; फिटर वा वायरमन यांच्या सरावात साधन म्हणून होणारा वापर वेगळा. दुसऱ्याची गरज अधिक निकडीची आहे. मराठीसाठी २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘भाषिणी’ या केंद्रीय भाषातंत्र उपक्रमाचा उपयोग होऊ शकतो. परंतु विद्यार्थी व्हर्निअर, चक, अर्थिंग असेच बोलतो, त्यामुळे या संज्ञा भाषांतराविना ठेवणे इष्ट. पैठणी व हिमरू विणकामात नक्षीच्या आराखड्यापुरता वापर संभवतो.